पाऊस तर झाला, मग विहिरीचं पाणी वर का येत नाही?

जुलै लागला की आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी निघतो, पारावर, कृषी केंद्राच्या बाकावर, आता तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पण. पाऊस दोनशे मिलिमीटर होऊन गेला, नाला एकदा दोन्ही काठ धरून वाहून गेला, पऱ्हाटी चार पानांवर आली, सोयाबीनची डवरणी तोंडावर आहे, आणि विहिरीत डोकावून पाहिलं तं पाणी मे महिन्यात होतं तिथंच. मग कोणी म्हणते झरे बुजले, कोणी म्हणते वरच्या धुऱ्यावरच्या बोअरनं सगळं ओढलं, कोणी म्हणते धरतीतलं पाणीच संपलं बाप्पा आता. काही ठिकाणी हे खरंही असते, पण जुलैतल्या रिकाम्या विहिरीचं कारण बहुतेक वेळा वेगळं आणि साधं आहे. ते समजलं की बोअर मारावी का, नाला खोल करावा का, गहू पेरावा का हरभरा, या सगळ्याकडे पाहायची पद्धत बदलते. आकडे आहेत यात, पण वहीच्या एका पानावर मावतील इतकेच.

पहिले एका एकराचा हिशोब करू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे अंदाजे 4 हजार लिटर पाणी पडलं. आपल्या पश्चिम विदर्भात साधारण 800 मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर वर्षाला 32 लाख लिटर पाणी पडते, म्हणजे 10 हजार लिटरवाले 320 टँकर. ऐकायला लय वाटते. पण यातलं बरंचसं पाणी मातीतून वाफ होऊन आणि पिकाच्या, गवताच्या, झाडाच्या पानांतून परत हवेत जाते, त्याच्या खालोखाल वाहून नाल्यात जाते, आणि उरलेलं थोडंसं खाली खडकापर्यंत पोचते. भूजलाचा अंदाज काढायची जी सरकारी पद्धत आहे तिच्यात झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या 7 टक्के आणि भेगाळ, छिद्राळ बेसाल्टसाठी 13 टक्क्यांच्या आसपास पाणी खाली मुरते असं धरतात. आपण मधात 8 टक्के धरू. 800 चे 8 टक्के म्हणजे 64 मिलिमीटर, म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या थोडं वर.

आता पाच एचपीची मोटर विहिरीतून तासाला 25 ते 30 हजार लिटर पाणी काढते, खोलीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे एका एकराच्या पोटात वर्षभराच्या पावसातून जेवढं पाणी मुरलं तेवढं काढायला मोटरला नऊ-दहा तास पुरतात. आणि गव्हाला दांडानं एक पाणी द्यायचं म्हटलं तं एकरी 60 ते 75 मिलिमीटर लागते, म्हणजे वर्षाचं मुरलेलं सगळं पाणी एका पाळीत गेलं. गव्हाला पाच-सहा पाळ्या. दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरते हे मान्य, पण तरी एक एकर गहू हा आजूबाजूच्या चार-पाच एकरांचं पाणी पीत असतो, मग ते एकर तुमचे असोत का दुसऱ्याचे.

आता मूळ प्रश्नावर येऊ. जून-जुलैचं पाणी जाते कुठं? जाते मातीत, आणि माती ते सोडत नाही.

मातीच्या कणांच्या मधात फटी असतात, काही मोठ्या, काही इतक्या बारीक की भिंगातूनही दिसणार नाहीत. मोठ्या फटीतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली जाते. बारीक फटीतलं जात नाही, कारण तिथं मातीचा कण पाण्याला ओढून धरतो आणि ती ओढ पाण्याच्या वजनापेक्षा जास्त असते. गोधडी धुऊन तारेवर टाकली की पहिले धारा लागतात, मग थेंब, मग थेंबही बंद होतात, पण तेव्हा गोधडी ओलीच असते, पिळली तं अजून पाणी निघते, आणि दोघांनी दोन टोकं धरून कितीही पिळली तरी ती कोरडी होत नाही, उरलेलं फक्त ऊन नेते. मातीत पण पाण्याचे हेच तीन हिस्से आहेत. धारा आणि थेंबांचं पाणी खाली निघून जाते, विहिरीच्या नशिबी येते ते फक्त हे. पिळल्यावर निघणारं पाणी म्हणजे मुळं ओढून घेतात ते, पिकाचं पाणी. आणि शेवटचं जे निघतच नाही ते मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असते की मुळांचंही काही चालत नाही, हवेच्या दाबाच्या 15 पट जोर लावूनही ते सुटत नाही, म्हणून माती हाताला गार लागत असतानाही पीक सुकते.

आपण ज्याला वाफसा म्हणतो तो थेंब बंद झाल्यानंतरचाच काळ आहे, जादा पाणी खाली गेलं, मोठ्या फटीत हवा शिरली, डवरा मातीला चिकटत नाही. मुरमाड वावरात पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी वाफसा येतो, भारी काळ्या वावरात तीन-चार दिवस थांबावं लागते आणि झड लागली तं आठवडाभर पाय ठेवता येत नाही. फरक इतकाच की काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त आहे, कण अतिशय बारीक, त्यामुळे फटी बारीक, त्यामुळे धरून ठेवलेलं पाणी जास्त आणि सोडून दिलेलं कमी.

किती धरते? चांगली एक मीटर खोल काळी माती पिकाला कामी येईल असं 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. बरडावरची फूटभर मुरमाड माती 30-40 मिलिमीटर धरली तरी खूप. सोयाबीन भर फुलात असताना दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे ऑगस्टात पावसानं खंड दिला तं बरडावरचं सोयाबीन आठ दिवसांत माना टाकते आणि त्याच शिवारात खाली नाल्याकडच्या काळ्या वावरातलं तीन आठवडे तग धरते, पेरणी एकाच दिवशी, बियाणं एकाच बॅगमधलं असूनही. संत्र्यावाल्यांना तर हे सांगायचीच गरज नाही. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं यावीत म्हणून, डिसेंबरात बागेचं पाणी तोडलं की हलक्या जमिनीतली झाडं लवकर ताणावर येतात, भारी जमिनीतल्या झाडांना जास्त दिवस लागतात आणि लय खोल काळ्या जमिनीत काही वर्षी ताण नीट बसतच नाही, कारण खाली माती अजून पाणी पुरवतच असते.

आता मे महिन्याच्या शेवटी ही माती कशी असते ते आठवा. पार वाळलेली, हात जाईल अशा भेगा, काही वावरांत तर अख्खी काठी आत जाते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून भेगा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की तो या भेगांतून सरळ खोल उतरतो, त्या वेळी जमीन तासाला जेवढं पाणी पिते तेवढं नंतर कधीच पित नाही. पण दोन-तीन पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. त्यानंतर तासाभरात 40 मिलिमीटर कोसळला तं 30-35 वाहूनच जाणार, सोबत वरची माती घेऊन. लोकांना वाटते नाला भरून वाहिला म्हणजे जमीन तृप्त झाली. तसं काही नसते, वरचा चार बोटांचा थर बंद झालेला असतो आणि दोन फुटांखाली माती अजून कोरडी असू शकते. खात्री करायची असली तं कुदळीनं खड्डा करून पाहा, दिसते.

तर हे आहे उत्तर. मे मध्ये रिकामी झालेली मीटरभर काळी माती पहिले 150-200 मिलिमीटर स्वतः ठेवून घेते, तेवढ्यात पीक आणि ऊन रोज चार-पाच मिलिमीटर नेत असते, जोराच्या पावसातलं निम्मं-शिम्मं वाहून जाते, म्हणून पावसाचा आकडा साडेतीनशे-चारशे गाठेपर्यंत काळ्या वावरातल्या विहिरीला काही मिळत नाही. मातीचं भरल्याशिवाय खडकाला जात नाही. टेकडीच्या पायथ्याच्या विहिरी मात्र लवकर हलतात, कधी कधी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच, कारण वर बरड आहे, तिथली फूटभर माती 40 मिलिमीटरमध्ये भरून जाते आणि पुढचं पाणी मुरमातून सरळ खाली. ज्या जमिनीला आपण हलकी, बरड, पडीत म्हणून नाव ठेवतो, गावाच्या विहिरी भरायचं बरंच काम तीच करते.

माती संपली की काय लागते ते विहीर खोदणाऱ्याला सगळ्यात चांगलं माहीत असते. बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा, अमरावती आणि नागपूरचा बराच भाग हा लाव्हाच्या खडकावर बसलेला आहे, बेसाल्ट, आपला काळा दगड. 6.6 कोटी वर्षांच्या आसपास जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग परत आला, परत पसरला, असे थरावर थर. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तिथं खडक छिद्राछिद्रांचा आणि लवकर झिजणारा, त्या छिद्रांत बरेचदा पांढरे चमकते खडे भरलेले असतात. थराचा मधला भाग मात्र घट्ट, सब्बल मारली तं ठिणगी उडते. दोन थरांच्या मधात कुठं कुठं लाल मातीचा पट्टा लागतो. विहीर खोदताना हे ओळीनं दिसते, काळी माती, मग चुनखडी मिसळलेली पिवळट माती, मग मुरूम, मग फुटका छिद्राळ खडक, मग काळा पाषाण.

पाणी राहते ते मुरमात, फुटक्या खडकात आणि भेगांत. काळा पाषाण पाणी धरतही नाही आणि सोडतही नाही, भेग असली तर तेवढ्यापुरतं. जमिनीखाली नदी वाहते, पाण्याची शिर असते, खाली मोठं तळं आहे, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो, पण बेसाल्टात असं काही नाही, ओला खडक असतो, बस. आणि तो ओला खडक किती पाणी देतो? पाण्यानं भरलेला मुरूम-खडक 100 लिटर मापाचा घेतला आणि त्यातलं पाणी निथळू दिलं तं एक ते तीन लिटर निघते. आपण दोन धरू. नदीकाठच्या रेताड गाळात हेच 10 लिटरच्या वर जाते.

या दोन टक्क्यांमध्ये आपल्या विहिरींचं सगळं वागणं आहे. 64 मिलिमीटर पाणी मुरलं आणि जागा दोन टक्केच, म्हणजे पाण्याची पातळी 3.2 मीटर चढणार, दहा फुटांच्या वर. तेच पाणी रेताड गाळात मुरलं असतं तं पातळी दोनच फूट चढली असती. म्हणून आपली विहीर ऑगस्ट-सप्टेंबरात दणादणा भरते, कधी तोंडापर्यंत येते, आणि आपल्याला वाटते लय पाणी झालं. पाणी लय नसते, जागा कमी असते. आणि जी जागा झपाट्यानं भरते ती झपाट्यानं रिकामी पण होते, फेब्रुवारीत त्याच विहिरीत मोटर दीड तासात हवा ओढायला लागते.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एक मीटर काळी माती पिकासाठी 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरते. खडकात 200 मिलिमीटर पाणी साठवायला 10 मीटर, म्हणजे 33 फूट उंचीचा ओला खडक लागतो. मला या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आपण पाण्यासाठी खाली खाली जात राहिलो, 60 फूट, 200 फूट, 700 फूट, आणि वावरातला सगळ्यात मोठा साठा वरच्या तीन-चार फुटांत होता, विजेच्या बिलाशिवाय मिळणारा. दर्यापूर, अंजनगाव, अकोटकडे खोल काळ्या वावरात मूग काढून किंवा खरीप पडीत ठेवून मातीतल्या ओलीवर हरभरा घेतात, एकही पाणी न देता. तो हरभरा याच साठ्यावर येतो.

आता पाणी सरकते कसं ते पाहू. मुरलेलं पाणी जागेवर थांबत नाही, उंचाकडून उताराकडे जात राहते, फक्त फार हळू. फ्रान्समध्ये दिजों नावाच्या गावात हेन्री दार्सी नावाच्या इंजिनिअरनं 1856 मध्ये वाळूतून पाणी सोडून सोडून याचा नियम मांडला, पाण्याच्या पातळीचा उतार जितका जास्त आणि दगड-माती जितकी मोकळी तितकं पाणी लवकर सरकते. चांगल्या झिजलेल्या बेसाल्टात हा वेग दिवसाला मीटरभर असला तरी खूप, घट्ट चिकणमातीत वर्षाला काही सेंटिमीटरपण नाही. मोकळ्या भेगेत मात्र ते पळते. म्हणून एकाच धुऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, एकीला भेग लागली, दुसरीला नाही.

हे सरकणारं पाणी शेवटी नाल्यात निघते. डिसेंबरात पाऊस नसताना नाला वाहतो ना, ते सगळं आजूबाजूच्या वावरांच्या खालचं, विहिरींच्या पातळीचं पाणी असते. लोणारच्या सरोवराच्या काठावर जी बारमाही धार आहे तीही याच बेसाल्टाच्या थरांतलं पाणी आहे, खड्ड्याच्या उतारावर थर उघडे पडले तिथून बाहेर येते. मेळघाटातही डोंगराच्या कुशीला असे झरे आहेत. म्हणजे कोणी एक बादली नाही काढली तरी ऑक्टोबरपासून पातळी उतरतच जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजतात, ते हा उतारच पाहायला.

आता नाला खोलीकरण. माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येक नाला खोल करायचा नसतो. नाल्याचा तळ विहिरींच्या पातळीच्या खाली नेला तर तुम्ही पाणी मुरवत नाही, तुम्ही दोन्ही बाजूंच्या विहिरींचं पाणी नाल्यात काढून देता, पहिल्या वर्षी खोल नाल्यात पाणी दिसते, फोटो चांगले येतात, आणि जानेवारीत शेजारच्या विहिरी लवकर उतरतात. तळाला चिकट काळी माती किंवा अखंड पाषाण असेल तर मुरायचा प्रश्नच नाही. जिथं तळाला मुरूम किंवा फुटका खडक आहे आणि खालची पातळी खोल गेलेली आहे, तिथं गाळ काढून पाणी अडवणं खरंच कामाचं आहे. पण खरी जागा वर आहे, टेकडीच्या उतारावर, सलग समतल चर म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खोदलेले चर, दगडी बांध, गवत, झाडोरा. 2016 मध्ये वॉटर कप या पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी महाराष्ट्रातून तीन तालुके घेतले होते, त्यात अमरावती जिल्ह्यातला आपला वरूड होता, आणि गावागावांत लोकांनी उन्हात चर खोदले ते याच बरड उतारांवर.

वरूड-मोर्शीचं नाव निघालं की बोअरचं बोलावंच लागते. संत्र्याची बाग बाराही महिने पाणी मागते, विहिरी आटल्या म्हणून बोअर आल्या, बोअर आटल्या म्हणून अजून खोल बोअर आल्या, आणि मुरलेल्यापेक्षा उपसा जास्त झालेल्या तालुक्यांच्या यादीत वरूडचं नाव गेलं. खोल बोअरला पाणी लागते तेव्हा लोकांना वाटते खाली वेगळंच पाणी आहे. बेसाल्टात बहुतेक वेळा ते वरचंच असते, एखाद्या भेगेतून वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरलेलं. भेगेत साठा थोडा आणि भर पडायचा वेग त्याहून थोडा, म्हणून पहिल्या वर्षी दोन इंच पाणी फेकणारी बोअर तिसऱ्या वर्षी गुळण्या टाकते. शिवाय बोअरच्या केसिंगच्या, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पाइपाच्या, खालून विहिरीच्या थरातलं पाणी खालच्या कोरड्या भेगेत उतरते ते वेगळंच, म्हणजे बोअर चालू नसतानाही विहिरीचं पाणी खाली जात असते.

कोणी "दादा, अजून शंभर फूट जाऊ द्या, पाणी पक्कं आहे" म्हटलं तं त्याला विचारा, खाली कोणता खडक आहे? कारण गाडी फुटानं पैसे घेते. खोलीसोबत भेगा कमी आणि मिटलेल्या होत जातात हा बेसाल्टाचा साधा अनुभव आहे. आणि खोल पाणी खडकात जास्त काळ थांबलेलं असते, त्यात क्षार जास्त उतरलेले असतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लहान पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढं सांधे आणि हाडं धरतात. ते कारखान्यातून आलेलं नाही, खडकातलंच आहे. नवीन बोअरचं पाणी प्यायला घ्यायच्या आधी तपासून घ्याच. राज्याचा 2009 चा भूजल कायदा शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई करतो, सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी तर 1993 च्या कायद्यापासून आहे, हे गावात फार कमी लोकांना माहीत असते.

नारळ हातावर आडवा धरून पाणी पाहणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणतो की जो पाणाड्या झाडं पाहतो, उतार पाहतो, आजूबाजूच्या विहिरींची खोली विचारतो, त्याचा अंदाज त्या पाहण्यातून येतो. नारळ उभा राहण्याशी खालच्या पाण्याचा संबंध नाही.

सगळा विदर्भ बेसाल्टाचा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या भागात, शेकडो फूट गाळ साचलेला आहे आणि त्यात खारं पाणी, तो आपला खारपाणपट्टा, जवळपास 900 गावं. तिथं पाणी खूप आहे पण ते ओलिताला देता येत नाही, कारण त्यातलं सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करते, ते फटीत जाऊन बसतात आणि जमीन बंद होते, मग पाऊसही आत जात नाही. तिथं बोअर हा उपाय नाही, शेततळं आहे, आणि तिथली चोपण माती पाणी पाझरू देत नाही म्हणून बरेचदा प्लास्टिकही लागत नाही. त्याच खोऱ्याच्या वरच्या काठाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून आलेले गोटे, रेती, गाळ यांचा पट्टा आहे, तिथं पाणी झपाट्यानं मुरते आणि गोडही आहे.

इकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीला खडक फार जुना, ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा, वर झिजलेला थर पातळ, खाली टणक. जमिनीत जागा कमी हे तिथल्या कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखलं आणि पाणी वरच साठवलं, मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी. धानाच्या बांधीत चिखलणी करतात ती पण पाणी खाली जाऊ नये म्हणूनच, नांगरट-चिखलानं फटी मोडतात आणि पाणी उभं राहते. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात वाळूच्या खडकात कणाकणांच्या मधात पाणी राहते, बेसाल्टापेक्षा बरंच जास्त, पण कोळसा त्याच थरांत आहे आणि उघड्या खाणी कोरड्या ठेवायला पाणी सतत उपसावं लागते, त्याची ओढ आजूबाजूच्या गावांच्या विहिरींना लागते.

मग वावरात करायचं काय? पहिलं काम मातीतला साठा भरणं. पेरणी उताराला आडवी, सोयाबीनला रुंद वरंबा आणि सरी, म्हणजे पाणी सरीत थांबते आणि सावकाश आत जाते. डवरणी वेळेवर, कारण भेग पडायला लागली की त्या भेगेतून खालची ओल हवेत जाते, डवऱ्यानं ती मोडली की वर भुसभुशीत थर बसतो आणि ओल टिकते, आपल्या आजोबांच्या काळापासून लोक हे करत आले ते उगीच नाही. शेणखत, पालापाचोळा, तुराट्या, पऱ्हाट्या जाळण्यापेक्षा मातीत गेल्या तं फटी मोकळ्या राहतात. विहीर पुनर्भरण करणार असाल तर वावराचं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नका, काळ्या मातीचा गाळ झरे बुजवतो आणि ते परत उघडणं फार कठीण, गाळ बसायला खड्डा आणि मग गोटे-रेतीचा थर, त्यातून निवळ पाणी आत. आणि बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दिवसाला 10 मिलिमीटरवर वाफ होते, खडकात सावलीत होतं ते पाणी तुम्ही उन्हात आणून ठेवता.

आणि एक काम गावानं मिळून करायचं, पाण्याचा ताळेबंद. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, खडकातल्या त्या दोन टक्के जागेच्या हिशोबानं एक एकराच्या खाली पाण्याची पातळी एक फूट उतरली म्हणजे 25 हजार लिटर पाणी गेलं, म्हणजे मोटरचा एक तास. समजा गावाचं शिवार 1000 एकर, आणि ऑक्टोबरात विहिरींत उन्हाळ्यातल्या तळापेक्षा सरासरी 12 फूट पाणी जास्त आहे. 12 गुणिले 25 हजार गुणिले 1000, म्हणजे 30 कोटी लिटर. यातलं निम्मं नाल्यावाटे जाणार आणि खालच्या घट्ट थरात अडकणार असं धरलं तर हाती 15 कोटी. गावात 2000 माणसं, माणशी रोज 55 लिटर, जूनपर्यंतचे आठ महिने, वर जनावरांचं पाणी, असे 4 कोटी बाजूला काढा. उरले 11 कोटी. दांडाच्या एका पाळीला एकरी अडीच लाख लिटर लागते, म्हणजे 440 पाळ्या. गव्हाला पाच पाळ्या धरल्या तं 88 एकर गहू होतो आणि गावाचं पाणी संपते. हरभऱ्याला दोन पाळ्या धरल्या तं 220 एकर हरभरा होतो. तेच पाणी तुषार संचानं 40 मिलिमीटरच्या हिशोबानं दिलं तं एका पाळीला एकरी 1 लाख 60 हजार लिटर लागते आणि हरभरा साडेतीनशे एकरांच्या जवळ जातो. हा हिशोब कोजागिरीच्या आसपास करायचा, रब्बीचं बियाणं घ्यायच्या आधी, आणि त्यासाठी शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या पाच-सहा विहिरींच्या भिंतीवर पेंटनं फुटाच्या खुणा मारून ठेवल्या की काम भागते.